अमेरिकेत मुलांच्या कब स्काउट डेनचे लीडर होताना: मराठी आईबाबांसाठी

शाळा सुरू झाली की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला मुलाच्या दप्तरातून 'जॉइन स्काउटिंग नाइट'चं पत्रक घरी येतं. मूल हट्ट धरतं, तुम्ही शाळेच्या कॅफेटेरियात जाता, नाव नोंदवता. आणि शेवटी कबमास्टर, म्हणजे तिथल्या सगळ्या गटांचा प्रमुख, सांगतो की पहिलीच्या मुलांच्या डेनला (गटाला) अजून लीडर मिळालेला नाही, पालकांपैकी कुणी पुढे आलं तरच हा डेन चालेल.

आपल्यातले बहुतेक आईबाबा इथे गप्प बसतात. त्यामागे आळस नसतो. आपल्याकडे स्काउट-गाइड म्हणजे शाळेतले शिक्षक चालवणार. पालकांनी स्वतः गणवेश घालून मुलांसमोर उभं राहायचं ही गोष्टच नवी. शिवाय मनात शंका: तंबू ठोकता येत नाही, गाठी येत नाहीत, आपले उच्चार वेगळे, व्हिसावर असताना हे चालतं का? मी माझ्या मुलाच्या टायगरच्या वर्षापासून (म्हणजे पहिलीपासून) तो कब स्काउटमधून बाहेर पडेपर्यंत डेन चालवला आहे. मराठी मंडळात भेटणारे तरुण पालक मला दर वर्षी हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. डेन लीडरला जंगलाचं ज्ञान लागत नाही, ते हळूहळू येतं. लागतो तो एक तास नीट आखण्याचा उरक आणि बाकीच्या पालकांना हक्काने कामाला लावण्याची तयारी.

१. आधी रचना समजून घ्या

संघटनेचं आजचं नाव स्काउटिंग अमेरिका. ८ फेब्रुवारी १९१० रोजी ती बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका म्हणून सुरू झाली आणि ८ फेब्रुवारी २०२५ पासून नवं नाव लागू झालं. जुने शर्ट, पुस्तकं, पाट्या यांवर जुनं नाव अजून दिसेल, त्याने गोंधळू नका. कब स्काउट्स ही तिची लहान मुलांची शाखा, १९३० पासूनची. किंडरगार्टन ते पाचवीची मुलं तिच्यात असतात, आणि २०१८ पासून मुलीही.

इयत्तेप्रमाणे मुलांचे टप्पे असे: किंडरगार्टनला लायन, पहिलीला टायगर, दुसरीला वुल्फ, तिसरीला बेअर, चौथीला वेबेलोज, पाचवीला अ‍ॅरो ऑफ लाइट. एका टप्प्यावरच्या सहा-आठ मुलांचा गट म्हणजे डेन, आणि सगळे डेन मिळून पॅक. डेनचा लीडर तुमच्यासारखाच एक पालक. पॅकचा प्रमुख कबमास्टर, आणि पैसे, नोंदणी, कार्यक्रम बघायला पालकांचीच समिती. वर डिस्ट्रिक्ट आणि काउन्सिल, म्हणजे संघटनेच्या प्रादेशिक शाखा. काउन्सिलमध्ये मात्र पगारी माणसं असतात.

पॅक कुठल्या तरी स्थानिक संस्थेच्या छत्राखाली चालतो. ती संस्था चर्च असेल, माजी सैनिकांची संघटना असेल, लायन्स क्लब असेल. काही ठिकाणी हिंदू मंदिरांनीही पॅक चालवले आहेत. चर्चच्या तळघरात मीटिंग आहे एवढ्यावरून मागे फिरू नका. बहुतेक पॅकमध्ये त्या संस्थेचा संबंध जागा देणं आणि लीडरच्या अर्जाला मान्यता देणं इतकाच येतो. तरीही कबमास्टरला सरळ विचारा: "पॅकच्या कार्यक्रमात धार्मिक भाग किती असतो?" हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही, आणि त्याचं उत्तर पॅकनुसार बदलतं.

मुलांच्या पुस्तकात 'अकेला' येतो. तो 'जंगल बुक'मधल्या लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या. कब स्काउटमध्ये मुलाचे आईबाबा, शिक्षक, लीडर असे वाट दाखवणारे सगळे अकेला. गोष्टीतल्या त्या कळपाचं जंगल सिवनीचं, म्हणजे नागपूरहून उत्तरेला पेंचच्या बाजूचं. डेनमधल्या मुलांना भारताच्या नकाशावर ती जागा जरूर दाखवा. माझ्या डेनमधल्या अमेरिकन मुलांना ते जंगल खरोखर आहे, तिथे आजही वाघ आहेत, हे ऐकून पुढचा अर्धा तास दुसरं काही सुचेना.

२. 'हो' म्हणण्याआधी विचारून घ्या

डेन लीडर हेच एक काम नाही. साहाय्यक डेन लीडर, खजिनदार, कॅम्पची व्यवस्था बघणारे, बॅज आणून देणारे, अशी बरीच कामं रिकामी असतात. तुमची नोकरी फिरतीची असेल तर साहाय्यक व्हा, किंवा समितीत जा. पण मुलांमध्ये रमत असाल तर डेनच घ्या, कारण मुलाबरोबर वेळ जातो तो तिथेच.

कबमास्टरला एवढं विचारा: डेन महिन्यात किती वेळा भेटतो? जागा कोण देतं? सामानाचा खर्च पॅक देतो की आपण? लीडरची वार्षिक नोंदणी फी पॅक भरतो का? गेल्या वर्षीच्या लीडरशी बोलता येईल का? या शेवटच्या प्रश्नाने बाकी सगळ्यापेक्षा जास्त कळतं. जुनी लीडर अर्ध्या तासात तुम्हाला सांगेल की कुठलं मूल मोठ्या आवाजाला घाबरतं आणि कुठल्या पालकाकडे करवत आहे.

वारही तपासून घ्या. बीएमएमची (बृहन्महाराष्ट्र मंडळाची) मराठी शाळा बहुतेक गावांत शनिवार-रविवारीच असते. गणपती आणि दिवाळीच्या तालमीही त्याच सुमाराला. डेनचा वार लीडर ठरवतो, हा त्या कामाचा मोठा फायदा. मी पहिल्यापासून मंगळवारची संध्याकाळ धरली आणि मराठी शाळा एकदाही चुकली नाही.

३. अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज ऑनलाइन किंवा कागदावर भरता येतो. हाताशी हे ठेवा:

• प्रौढ नोंदणीचा अर्ज, आणि त्याच्यासोबत पार्श्वभूमी तपासणीला संमती देणारं सही केलेलं पान. हे पान राहून गेलं की अर्ज तिथेच अडकतो.
• आधीचे पत्ते आणि तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांची नावं, फोन. या माणसांना आधी कळवून ठेवा.
• सोशल सिक्युरिटी क्रमांक, कारण तपासणी त्यावरून होते. एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल आणि क्रमांक नसेल, तर रकाना रिकामा सोडून अर्ज पाठवू नका. काउन्सिलच्या कार्यालयात नोंदणीचं काम बघणाऱ्या व्यक्तीला आधी फोन करा.
• बालसुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (त्याबद्दल पुढे सविस्तर).
• स्वतःचा आणि मुलाचा आरोग्य फॉर्म. भाग अ आणि ब सगळ्या उपक्रमांना लागतात, ७२ तासांपेक्षा मोठ्या कॅम्पला डॉक्टरांच्या तपासणीचा भाग क.
• मुलांना गाडीतून नेणार असाल तर चालू लायसन्स आणि गाडीचा विमा.

नागरिकत्वाची अट नाही. काउन्सिलच्या हद्दीत राहणारा परदेशी नागरिकही लीडर होऊ शकतो. स्काउटची शपथ, नियम आणि देशाचे कायदे पाळण्याचं मान्य करावं लागतं. कामाला पगार किंवा मानधन नसतं. तरी व्हिसाबद्दल मनात शंका असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ओळ लिहून विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऐकीव उत्तरावर जाऊ नका.

राज्याचे कायदे वेगळे असतात, आणि इथे नवीन माणसं हमखास अडतात. कॅलिफोर्नियात नियमित स्वयंसेवकांना लाइव्ह स्कॅन म्हणजे बोटांचे ठसे द्यावे लागतात. पेनसिल्व्हेनियात राज्य पोलिसांचं आणि बाल अत्याचारविषयक अशी वेगवेगळी क्लिअरन्स लागतात, आणि त्या राज्यात सलग दहा वर्षं राहिला नसाल तर एफबीआयचे ठसेही. याला वेळ लागतो. सप्टेंबरात डेन सुरू करायचा असेल तर ऑगस्टमध्येच कामाला लागा.

अर्जात धर्माविषयीचं एक निवेदन आहे, ते सही करण्याआधी वाचा. ते कुठल्या एका धर्माचं नाही, पण श्रद्धेला स्थान देणारं आहे. मुलांच्या अभ्यासक्रमातही कुटुंब आणि श्रद्धा असा एक भाग असतो, आणि तो प्रत्येक घराने आपापल्या पद्धतीने करायचा. आमच्या घरी देवघरातली समई लावणं आणि आजीकडून गणपतीची आरती शिकणं यातून तो झाला. हिंदू मुलांना 'धर्म' नावाचं वेगळं एम्ब्लेमही (पदक) मिळवता येतं.

४. बालसुरक्षा: हा भाग दोनदा वाचा

फेब्रुवारी २०२० मध्ये या संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. मागच्या अनेक दशकांत मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे ८२ हजारांहून अधिक दावे तिच्यासमोर आले, आणि सुमारे २.४६ अब्ज डॉलरच्या भरपाईची योजना २०२३ मध्ये लागू झाली. मूल इथे पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाला हे माहीत असावं. आजचे नियम इतके कडक का आहेत तेही यातूनच कळतं. नियम जाचक वाटतात अशी कुरकुर कुणी केली तर तिला मान डोलावू नका. हे नियम मुलांना सांभाळतात आणि तुम्हालाही.

सुरुवात मोफत ऑनलाइन प्रशिक्षणाने होते. ते केल्याशिवाय नोंदणी होत नाही, आणि प्रमाणपत्राला मुदत असते, तेव्हा संपण्याची तारीख कॅलेंडरात टाका. मुख्य नियम असे:

प्रत्येक मीटिंगला, सहलीला २१ किंवा त्याहून जास्त वयाचे, नोंदणी केलेले किमान दोन प्रौढ हवेत. गटात मुली असतील तर त्यांत एक नोंदणीकृत स्त्री असलीच पाहिजे. म्हणून आयांनो, बाबाचं नाव नोंदवून मोकळ्या होऊ नका, तुमचीही नोंदणी करा. कितीतरी डेन केवळ या एका कारणाने मीटिंग रद्द करतात.

दुसऱ्याच्या मुलासोबत कधीही एकटं राहायचं नाही. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात मीटिंग संपते, सगळे जातात, एक मूल दाराशी दप्तर घेऊन उभं असतं आणि त्याचे बाबा ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात. आपला स्वभाव असा की "चल, मी सोडते घरी." तसं करायचं नाही. दोन्ही लीडर थांबतात, दिवे चालू असतात, दार उघडं असतं, बाबा येईपर्यंत त्या मुलाबरोबर पत्ते खेळायचे. मी दुसऱ्या लीडरशी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकायचे की शेवटचं मूल जाईपर्यंत आपण दोघी थांबणार.

फोन आणि मेसेजलाही हाच नियम लागू. मुलाला खासगी मेसेज नाही. प्रत्येक निरोपात दुसरा लीडर किंवा पालक हवा. या वयात तर मुलांना मेसेज करायची गरजच नसते. व्हॉट्सअ‍ॅपचा गट फक्त पालकांचा करा. आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. आपल्याकडे फोटो लगेच आजी-आजोबांच्या, मामांच्या, सोसायटीच्या गटांवर जातात. इथल्या पालकांना ते चालत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

शिस्तीबद्दल: हात लावून शिस्त नाही, कसलीच नाही. गमतीत कान पिळणं, पाठीत हलका धपाटा, गालगुच्चा, हे आपल्याकडे मायेचं समजतात. इथे नाही. ओरडून, लाजवून, खाऊ बंद करूनही शिस्त लावायची नाही. मूल फारच अनावर असेल तर त्याच्या पालकांना मीटिंगला सोबत बसायला सांगा.

आणि कुठल्याही मुलाबाबत अत्याचाराची शंका आली, तर आधी खात्री करून घेऊ, घरच्यांशी बोलून बघू, असं म्हणून थांबायचं नाही. स्थानिक यंत्रणेला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. 'लोक काय म्हणतील' हा विचार तिथे मनात आणू नका.

५. पालकांना कामं वाटा, पहिल्याच आठवड्यात

लायन आणि टायगरच्या मुलांसोबत प्रत्येक मीटिंगला एक मोठा माणूस असावाच लागतो. वुल्फपासून पालक मुलाला सोडून जाऊ शकतात, आणि जातातही. म्हणून सवय टायगरमध्येच लावा.

पहिल्या मीटिंगआधी पालकांची अर्ध्या तासाची बैठक घ्या. वर्षाचे विषय कागदावर लिहा आणि प्रत्येक घराने त्यातला एक घ्यायचा असं सांगा. "कुणी मदत कराल का?" असं विचारलंत तर शांतता पसरेल. "सायकलची सुरक्षा कुणाला जमेल? तुमच्याकडे पंप आहे ना?" असं नाव घेऊन विचारलं की काम होतं. आमच्या डेनमध्ये एक आई नर्स होती, तिने प्रथमोपचार घेतला; एक आजोबा सुतारकामवाले, त्यांनी लाकूडकाम. नोंदणी नसलेला पालक विषय शिकवू शकतो, फक्त दोन नोंदणीकृत लीडर तिथे हजर हवेत.

६. वर्षाची आखणी

मुलाचं पुस्तक उघडा. जून २०२४ पासूनच्या अभ्यासक्रमात प्रत्येक टप्प्याला सहा अ‍ॅडव्हेंचर सक्तीची आणि दोन आवडीची असतात; अ‍ॅडव्हेंचर म्हणजे एका विषयावरच्या छोट्या उपक्रमांचा संच. सक्तीची सहा अशी: बॉबकॅट म्हणजे ओळख आणि शपथ, मग मैदान, व्यायाम, नागरिकत्व, स्वतःची सुरक्षा, आणि कुटुंब व श्रद्धा. वुल्फमध्ये त्यांची नावं बॉबकॅट, पॉज ऑन द पाथ, रनिंग विथ द पॅक, काउन्सिल फायर, सेफ्टी इन नंबर्स आणि फूटस्टेप्स. म्हणजे सप्टेंबर ते मे या काळात महिन्याला एक अ‍ॅडव्हेंचर धरलं तरी वर्ष सहज पार पडतं. मैदानातली थंडीआधी उरका. मिनेसोटा-मिशिगनकडे राहणाऱ्यांनी तर ऑक्टोबरच्या आत.

मीटिंगचे तयार आराखडे संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रत्येक आराखड्यात साहित्य, वेळ, पायऱ्या लिहिलेल्या असतात, तेव्हा पहिलं वर्ष तेच वापरा. पूर्ण झालेलं काम स्काउटबुकमध्ये (संघटनेच्या ऑनलाइन नोंदवहीत) त्याच रात्री नोंदवा, नाहीतर पॅक मीटिंगला मुलाचं नाव पुकारलं जात नाही आणि ते रडवेलं होतं.

इथे एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. कब स्काउटचं ब्रीद आहे 'डू युवर बेस्ट'. मुलाने आपल्या परीने प्रयत्न केला की ते काम झालं. गाठ वाकडी आली तरी झालं. आपल्या घरांमध्ये मुलांना गुण, स्पर्धा, क्लास यांची इतकी सवय असते की बेल्टवरच्या लूप (पूर्ण केलेल्या कामाबद्दल मिळणाऱ्या खुणा) मोजायला पालकच सुरुवात करतात: त्याचे नऊ, आपल्याचे सातच कसे? डेन लीडर म्हणून हे वारं तुम्ही थोपवा. आठवड्यातला हा एकच तास त्या मुलाला कुणी मोजत नसतं.

७. पहिली मीटिंग

एक तास पुरे, टायगरना त्याहून कमी. मुलं एकेक करून येतात, आणि आलेली मुलं रिकामी राहिली की पाच मिनिटांत पळापळ सुरू होते. म्हणून टेबलावर आधीच काहीतरी मांडून ठेवा. मी दोन रंगांचे दोरीचे तुकडे ठेवायचे, एक लाल एक पांढरा, हातभर लांब. स्क्वेअर नॉट शिकवताना 'लाल पांढऱ्यावरून, खालून बाहेर. आता पुन्हा लाल वर' असं सांगता येतं, आणि चुकलं तर मुलाला स्वतःलाच दिसतं. एका रंगाच्या दोरीने ही गाठ शिकवायला गेलात तर दोघंही वैतागाल. दोरीची टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या किंवा टेप लावा, नाहीतर सुटतात.

दहा मिनिटांनी उभं राहून झेंड्याची सलामी, शपथ आणि बारा कलमांचा स्काउट नियम. अमेरिकन झेंड्याची प्रतिज्ञा म्हणताना नागरिक नसलेल्यांनी आदराने शांत उभं राहिलं तरी चालतं. ती म्हणण्याचं काम मुलांना द्या, दर वेळी नवं मूल झेंडा धरील.

मग दोन उपक्रम, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे, एक बसून आणि एक पळत. मध्ये गोंधळ वाढला की उजवा हात वर करून दोन बोटांची खूण करा आणि स्वतः गप्प उभ्या राहा. मुलं एकेक करून हात वर करत शांत होतात. ओरडण्यापेक्षा हे लवकर चालतं, पहिल्यांदा विश्वास बसत नाही इतकं. आपल्या उच्चारांची काळजी करणाऱ्यांना मी हेच सांगेन: या वयाची मुलं उच्चार ऐकत नाहीत, तुम्ही हातांनी काय करून दाखवता ते बघतात.

शेवटी पुढच्या वेळची सूचना, सामान आवरणं (मुलांनीच), आणि घरी.

खाऊबद्दल एक धोक्याची सूचना. इथे शेंगदाण्याची आणि सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं बरीच असतात, आणि काहींना ती जिवावर बेतू शकते. आपला चिवडा, चिक्की, कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, दाण्याची चटणी, बेसनाच्या लाडवातले काजू, हे प्रेमाने केलेलं असलं तरी डेनमध्ये नेऊ नका. आरोग्य फॉर्म वाचा, पालकांना विचारा, आणि पाकिटावर छापलेली घटकांची यादी दाखवता येईल असाच खाऊ आणा. फॉर्म कागदावरच, बंद फोल्डरमध्ये ठेवा. फोनमध्ये त्यांचे फोटो ठेवू नका.

८. गणवेश

लीडरचा शर्ट खाकी, मुलांचा साधारणपणे निळा. नवा घेण्याआधी पॅकमध्ये जुन्या शर्टांची पेटी आहे का विचारा, बहुतेक ठिकाणी असते. पॅच शिवायला घेताना जागा नीट बघून घ्या, नाहीतर उसवत बसावं लागतं.

९. पाइनवुड डर्बी

हिवाळ्यात हा दिवस येतो आणि मुलं वर्षभर त्याचीच वाट बघतात. पाइनच्या लाकडाचा सात इंची ठोकळा, चार चाकं, चार खिळे. यातून मूल गाडी बनवतं आणि ती उतारावरून सोडतात. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचच्या पॅकने पहिली शर्यत घेतली. गाडीचं वजन पाच औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा जास्त नको. स्वयंपाकघरातला छोटा काटा कामाला येतो. आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी वजन करा. चाकांना ग्रॅफाइटची पूड लावतात, तेल नाही.

करवत मोठ्या माणसाने चालवायची. आकार मात्र मुलाने काढायचा, घासायचं मुलाने, रंगही त्यानेच. डेनच्या पालकांना हे आधी स्पष्ट सांगा. इंजिनिअर बाबांचे हात शिवशिवतात, गाडी अप्रतिम होते, आणि शर्यतीत पहिली येऊनही मूल तिच्याकडे परक्यासारखं बघतं. मी एका शनिवारी गॅरेजमध्ये सगळ्या डेनला बोलवायचे: एका टेबलावर कापणं, दुसऱ्यावर घासणं, तिसऱ्यावर रंग. ज्यांच्या घरी अवजारं नाहीत, त्यांची त्यामुळे अडचण होत नाही. पॅकचे नियम आधी मागून घ्या, बाहेरची तयार चाकं चालतात की नाही ते त्यात लिहिलेलं असतं.

१०. कॅम्प

पॅक रात्रीच्या मुक्कामाला निघाला की सोबत 'बालू' हे मैदानी मुक्कामाचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक लीडर लागतो. हे प्रशिक्षण काही ऑनलाइन, काही मैदानावर असतं. पहिल्या वर्षी ते पॅकमधल्या दुसऱ्या कुणाकडे आहे का बघा, दुसऱ्या वर्षी स्वतः करा. चूल पेटवणं, तंबू लावणं, हवामानाचा अंदाज, सगळं तिथे शिकवतात. आपलं मूल घेऊन मुक्कामाला येणाऱ्या पालकाला लीडर म्हणून नोंदणीची सक्ती नाही, पण दुसऱ्यांच्या मुलांमध्ये असताना सोबत नोंदणीकृत लीडर हवा. तंबूत आपलं मूल आपल्यासोबत, दुसऱ्याचं कधीही नाही. धनुष्यबाण आणि छर्‍यांची बंदूक काउन्सिलच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या कार्यक्रमातच. डेनने स्वतः घ्यायची नाही. चाकू बेअरपासून पुढे.

प्रत्येक मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत सहा गोष्टी: प्रथमोपचाराची छोटी पेटी, पाण्याची बाटली, टॉर्च, खाऊ, उन्हापासून बचावाचं साहित्य, शिट्टी. शिट्टी हरवल्यावरच वाजवायची, हे निघण्याआधी बजावून सांगा.

शाकाहारी घरांनी खाण्याचं आधीच बोलून ठेवा. शेकोटीवर भाजायचे मार्शमेलो साधारणपणे जिलेटिनचे असतात, म्हणजे मांसाहारी. जिलेटिनशिवायचे वेगळे मिळतात, त्यांचं पाकीट स्वतः न्या आणि त्यासाठी वेगळी काडी ठेवा. जाळीवर हॉट डॉगशेजारी आपलं काही ठेवायचं नसेल तर बटाटा, मका, सिमला मिरची, मीठमसाला फॉइलमध्ये बांधून निखाऱ्यात टाका. मुलं आपापली पुडी स्वतः बांधतात आणि ती आवडीने खातात. सकाळी आम्ही दाणे न घातलेले कांदेपोहे करतो. पातेलं मोठं घ्या, बाकीच्या डेनमधूनही लोक ताटल्या घेऊन येतात.

११. पुढचा लीडर तयार करा

अ‍ॅरो ऑफ लाइटच्या वर्षी, बहुतेक फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, मुलं मोठ्या मुलांच्या गटात, म्हणजे ट्रूपमध्ये जातात. त्या आधीच्या हिवाळ्यात डेनला दोन-तीन ट्रूप दाखवून आणा आणि मुलांनाच निवडू द्या. तिथे मुलंच गट चालवतात, मोठी माणसं बाजूला उभी असतात. डेनची सवय झालेल्या पालकाला ते जड जातं, म्हणून शेवटच्या वर्षी हळूहळू मीटिंगचे छोटे भाग मुलांच्या हाती द्यायला लागा.

गाव बदलण्याची वेळ आपल्यावर कधीही येते: बदली, नवी नोकरी, व्हिसा. म्हणून दुसऱ्या वर्षापासून साहाय्यक लीडरला महिन्यातली एक मीटिंग पूर्ण चालवू द्या. निघताना त्याला द्यायचं ते एका खोक्यात ठेवा: दोऱ्या, झेंडा, मीटिंगचे छापलेले आराखडे, कुठलं सामान कुठल्या दुकानात मिळतं त्याची यादी. आरोग्य फॉर्म त्या खोक्यात नकोत, ते पालकांना परत करा. आणि पुढच्या जॉइन नाइटला नव्या पालकांच्या टेबलाशी थोडा वेळ बसा. एखादं मराठी जोडपं मागच्या रांगेत गप्प बसलेलं दिसलं तर उठून त्यांच्याशी बोला, आणि लाइव्ह स्कॅनचं आजच सांगून टाका.